देवगुराडियाचा दुसरा डोंगर

नवलखा चौकातून नेमावर रोडला लागलं आणि तीन इमली मागं पडली, की इंदूर हळूहळू विरळ होत जातं. ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं, टाइल्सची गोदामं, मग ढाबे, आणि मग एक छोटा डोंगर दिसायला लागतो. हा देवगुराडिया. डोंगराच्या कुशीत महादेवाचं जुनं देऊळ आहे, गुटकेश्वर. श्रावणात डोंगरातून झिरपणारं पाणी गोमुखातून पिंडीवर पडतं. अहिल्याबाईंनी या देवळाचा जीर्णोद्धार केला असं सांगतात. माळव्यात ज्या जुन्या देवळाबद्दल असं सांगत नाहीत, ते शोधूनच काढावं लागेल!

इंदूरच्या मराठी घरांमधून श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला इथं यायची पद्धत आहे. पण माझ्या वयाच्या लोकांना देवगुराडिया म्हटलं की देवळाच्या आधी वास आठवतो. या डोंगराच्या शेजारी दुसरा एक डोंगर होता, माणसांनी रचलेला. साऱ्या शहराचा कचरा इथं येऊन पडायचा. सरकारी नाव ट्रेंचिंग ग्राउंड, पसारा शंभर एकरांच्या आसपास. उन्हाळ्यात हा डोंगर अधूनमधून पेटायचा. आगीचे बंब यायचे, वरची ज्वाळ विझायची, आतलं धुमसत राहायचं. टेम्पोत बसलेल्या आम्हा पोरांना वाटायचं की कुणी तरी मुद्दाम आग लावतं. काही वेळा तसं होतही असेल. पण बऱ्याचदा इंधन त्या ढिगाच्या पोटातच तयार होत असे.

कचऱ्यातल्या भाजीच्या साली, उरलेला भात, सडकी फळं हवेशीर जागी पडली तर कुजतात आणि खत होतात. त्याच साली टनावारी मातीखाली, प्लॅस्टिकखाली दबल्या की त्यांना हवा मिळत नाही. मग वेगळ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन वायू सोडतात. ढिगातून जो वायू बाहेर पडतो त्यात साधारण निम्मा मिथेन असतो. तो पेटला तर आपल्याला दिसतो. पेटला नाही तर गुपचूप वर हवेत जातो, आणि खरी काळजी त्याचीच आहे.

2018 मध्ये महापालिकेनं तो डोंगर उपसायला घेतला. जुना कचरा खणून, वाळवून, चाळून माती वेगळी, प्लॅस्टिक वेगळं, दगडविटा वेगळ्या. सुमारे 13 लाख टन कचरा काही महिन्यांत हलला. आज तिथं झाडं लावली आहेत. जुन्या माणसांना तिकडं नेलं तर ती आधी नाकाला रुमाल लावतात आणि मग ओशाळून तो खाली घेतात. माझ्या आईनं तसंच केलं.

यंदा मे महिन्यात बडोद्याहून माझा भाचा सुट्टीला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला छप्पन दुकान आणि सराफा दाखवून झाल्यावर मी म्हटलं, चल, आता तुला इंदूरचं खरं पोट दाखवते. आई म्हणाली, मीही येते. भाच्याला वाटलं, आणखी एक खाऊगल्ली. रस्त्यात खरं ठिकाण कळल्यावर त्याचा चेहरा पडला.

"मावशी, खरं सांगू का?" तो म्हणाला. "आपण इथं साली वेगळ्या करत बसायचं आणि तिकडे कोळशाच्या मालगाड्या चालूच. याला काय अर्थ आहे?"

हा प्रश्न त्याच्या वयाची बरीच मुलं विचारतात. त्यात आळस नसतो, थकवा असतो. जन्मल्यापासून यांनी दर वर्षी हेच ऐकलं की हे वर्ष सगळ्यात उष्ण, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. म्हणून त्याला 'असं नाही बोलू रे' वगैरे म्हणण्यापेक्षा आकडे बोललेले बरे, असं मला वाटलं.

आकडे असे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 280 भाग होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहेत. 2024 हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबानं त्या वर्षीचं पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे 1.55 अंश सेल्सिअसनं जास्त होतं. आणि वेग? माणसांमुळे होणारी वाढ सध्या दर दहा वर्षांना पाव अंशापेक्षा थोडी जास्त आहे. पाव अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण भाच्याचं वय वीस. तो माझ्या आईच्या वयाचा होईपर्यंत असली पाच दशकं जातील. या वेगानं त्यात आणखी सव्वा अंशाहून जास्त भर पडेल.

आता या तापण्यात मिथेनचा वाटा किती? उद्योगयुग सुरू झाल्यापासूनच्या तापमानवाढीपैकी जवळपास तीस टक्के. मी भाच्याला गोधड्यांची गोष्ट सांगितली. कार्बन डायऑक्साइड ही पातळ पण चिवट गोधडी. एकदा अंगावर पडली की शेकडो वर्षं निघत नाही, आणि आपण रोज एकीवर एक घालतोच आहोत. मिथेन म्हणजे जाडजूड वाकळ. वीस वर्षांचा हिशोब धरला तर वजनाला वजन ती कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पट ऊब धरते. पण तिचा कपडा कच्चा, दहा-बारा वर्षांत विरून जातो. म्हणजे नव्या वाकळी घालणं कमी केलं तर जुन्या आपोआप फाटत जातील आणि आपल्याला आपल्याच आयुष्यात हलकं वाटेल. गोधड्या घालणं थांबवायला तर हवंच, त्याला पर्याय नाही. पण आत्ताचा वेग लवकर कमी करायचा असेल तर हात आधी वाकळीला घालायचा.

"आणि माणसांमुळे जो मिथेन हवेत जातो, त्यातला साधारण पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्यातून जातो," मी म्हटलं. तोवर फाटक आलं.

देवगुराडियाचा हा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची. तयार होणारा वायू रोज सुमारे 17 हजार किलो, शिवाय शंभर टनांच्या आसपास खत. जागा आणि कचरा महापालिकेचा, कारखाना खासगी कंपनीचा. उलट कंपनीच महापालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये देते. कचरा उचलून न्यायला पैसे मोजणारी शहरं देशात पुष्कळ आहेत. कचऱ्याचे पैसे घेणारं शहर आपलं आहे, हे सांगताना माझा आवाज जरा चढला असेल, पण इंदूरकराला तेवढं माफ असतं.

कचऱ्याच्या बंद गाड्या आत येतात आणि मोठ्या हौदात रिकाम्या होतात. वरून एक लोखंडी पंजा उतरतो, ढीग उचलतो, पुढं टाकतो. हौदात काय नव्हतं! कलिंगडाची सालं, फ्लॉवरची पानं, लग्नातला असावा असा पुलाव, भुट्ट्याच्या कणसांची बुरखुंडं, कुठल्या तरी देवळातल्या निर्माल्याचा झेंडू. वास येतो, नाही असं नाही. पण तो जुना जळका वास नव्हे. इडलीचं पीठ एक दिवस जास्त राहिलं तर येतो तसा आंबूस.

पुढं हे सगळं दळून पातळ रबडी होते आणि बंद टाक्यांमध्ये जाते. या टाक्या लांबून तेलाच्या टाक्यांसारख्या दिसतात. आत हवा नाही, पाहिजे तेवढी ऊब आहे, आणि तीन-चार आठवडे तेच जिवाणू तेच काम करतात जे पूर्वी त्या डोंगराच्या पोटात करत होते. फरक एवढाच की इथं त्यांचा वायू हवेत सुटत नाही, नळीतून मोठ्या फुग्यात जातो. मग त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड काढून टाकतात. उरतो पंचाण्णव टक्क्यांच्या वर शुद्ध मिथेन, तोच दाबून सीएनजी म्हणून भरतात. गाडीत जळल्यावर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतोच. पण तो त्या भाजीनं शेतात वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. जमिनीखालचं नवीन काही आपण वर आणत नाही.

आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे गोबरगॅसच की हा. फक्त विरजण मोठ्या भांड्यात लावलंय." दाखवणारे गृहस्थ हसले. हिंदीत म्हणाले, माताजींनी बरोबर सांगितलं, असल्या टाक्यांना सुरुवातीला विरजण म्हणून शेणच लागतं. आई परत येईपर्यंत ऐटीत होती.

भाच्यानं मात्र कामाचा प्रश्न विचारला, "हे बंद कशानं पडतं?" त्या गृहस्थांनी बोटानं खाली दाखवलं. पट्ट्यावरून जाणाऱ्या भाजीत एक शाम्पूची पुडी चमकत होती. "भैया, मशीन को प्लास्टिक हजम नहीं होता." दळणयंत्राच्या पात्यांत पिशव्या गुंडाळल्या जातात, बॅटरीचा सेल किंवा औषधाची बाटली आली तर टाकीतल्या जिवाणूंवर परिणाम होतो. आणि कितीही चाळण्या लावल्या तरी साडेपाचशे टनांत मिसळलेलं पुन्हा वेगळं करणं म्हणजे पोह्यांत सांडलेली साखर वेचणं. जगात इतरत्रही असे कारखाने उभे राहिले आणि अडले, त्यामागं बऱ्याच ठिकाणी हेच कारण होतं. यंत्र चांगलं होतं, आत जाणारा कचरा चांगला नव्हता.

म्हणून या प्रकल्पाचं पहिलं यंत्र देवगुराडियात नाहीच. ते आपल्या ओट्याखाली आहे. सकाळी गाणं लावत पिवळी गाडी येते, तिला ओल्याचा कप्पा वेगळा, सुक्याचा वेगळा, आणि डायपर-पॅडसाठी, जुन्या सेलसाठी, मोडक्या चार्जरसाठी निराळी सोय असते. गाडीबरोबरची मुलगी डब्यात डोकावून बघते. एकत्र केलेलं दिसलं तर परत करते, मग समोर डॉक्टर असो की नगरसेवक. 2017 पासून इंदूर स्वच्छतेत सलग पहिलं येत गेलं, त्याचं श्रेय कुणी कुणाला देवो. माझं मत विचाराल तर डबा परत करण्याची हिंमत असलेल्या या मुलींना ते आधी जातं.

सगळंच गोड आहे असंही नाही. हा वायू शहराच्या बसना जातो, सुमारे चारशे बस चालतील असं सुरू होताना सांगितलं होतं. पण बसमध्ये बसायचं कुणी? घरटी दोन स्कूटर, एक कार, आणि पलासियाच्या सिग्नलवर तीन-तीनदा लाल दिवा. बससाठी राखून ठेवलेली बीआरटीएसची लेन काढून टाकायला 2025 मध्ये उच्च न्यायालयानं परवानगी दिली. ती लेन नीट चालत नव्हती हे मान्य. तरी स्वतःचं इंधन स्वतः तयार करणाऱ्या शहरानं बसचा रस्ता मोकळा ठेवायचं दुसरं काही शोधायला हवं होतं, असं मला वाटतं. यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

त्या रात्री आम्ही गच्चीवर झोपायला गेलो आणि अकराच्या सुमारास खाली आलो. शब-ए-मालवा हे शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आजोबांच्या तोंडून ऐकले असतील. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र. दिवस कितीही तापला तरी सूर्य मावळला की पठारावर वारं सुटायचं आणि पहाटे चादर लागायची. आई 1974 साली नागपूरहून लग्न होऊन इथं आली. तिच्या सासरच्यांनी बैठकीत सांगितलं होतं की पंखा देऊ नका, आमच्याकडे रात्री लागत नाही. नागपूरकरांना ती थापच वाटली. पण माझ्या लहानपणापर्यंत ते खरं होतं. आता दोन्ही खोल्यांत एसी आहे. यात सिमेंटचा हात आहे, तोडलेल्या झाडांचा आहे, आणि वर पांघरलेल्या त्या गोधड्यांचाही आहे. दिवसा साठलेली उष्णता रात्री आकाशात निघून जायला हवी, ती पूर्वीसारखी जात नाही. भाच्याला माळव्याची ती रात्र ठाऊकच नाही, त्यामुळे काय हरवलं हेही त्याला सांगावं लागतं. मला याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी महूवरून जाम दरवाज्याच्या घाटानं खाली नर्मदेकडे निघालो. खरं तर महेश्वरला साडी घ्यायची होती, तेही सांगून टाकते. अहिल्याबाईंच्या काळातला तो दगडी दरवाजा पठाराच्या अगदी कडेला उभा आहे. तिथून खाली निमाड पसरलेला दिसतो, आणि गाडीतून उतरलं की खालून येणारी गरम झळ तोंडावर बसते. घाट उतरताना कान दडे बसतात. मी भाच्याला म्हटलं, ही जी उंची आपण उतरतोय ना, तीच उंची आपलं पिण्याचं पाणी रोज चढून येतं. मंडलेश्वरजवळच्या जलूदला नर्मदेतून पाणी उचलतात आणि सत्तर किलोमीटरवर इंदूरला आणतात. नदीकाठ समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, इंदूर साडेपाचशेवर. पावलोपावली पाणी अशी ज्या माळव्याची ख्याती, त्याच्या सर्वांत मोठ्या शहराला 1970 च्या दशकात नर्मदेला हात जोडावे लागले.

या चढाईच्या विजेचं बिल महिन्याला वीस-पंचवीस कोटी रुपयांच्या घरात जातं. आणि आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. इथून जवळच खंडवा जिल्ह्यातलं सिंगाजीचं औष्णिक केंद्र एकटंच 2520 मेगावॅटचं आहे. म्हणजे नळ सोडला की कुठं तरी कोळसा जळतो. महापालिकेनं फेब्रुवारी 2023 मध्ये सामान्य माणसालाही घेता येतील असे हरित रोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले, ते जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी. रखरखीत उतारांवर पॅनलच्या निळ्या रांगा बघून भाचा पहिल्यांदा खुलला.

"आमच्याकडे कालव्यावरच पॅनल टाकलेत," तो म्हणाला. बडोद्याला नर्मदेच्या शाखा कालव्यावर 10 मेगावॅटचा प्रकल्प 2015 पासून आहे. जमीन अडत नाही, सावलीमुळे पाण्याची वाफही कमी होते. इतका वेळ मी इंदूरची टिमकी वाजवत होते, आता त्याची पाळी आली. एकाच नदीचं पाणी आम्ही चारशे मीटर वर चढवून पितो, त्यांच्याकडे ते उतारानं चालत येतं, तेव्हा मावशी, कमी बढाया मार, असा त्याचा सूर होता. मी मार्‍या बढाया, पण पुढं.

महेश्वरच्या घाटावर बसल्यावर त्यानं पुन्हा तोच विषय काढला. हिशोब त्याला पटला होता, पण पुरता नाही. 2021 मध्ये ग्लासगोला शंभराहून जास्त देशांनी 2030 पर्यंत मिथेन तीस टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं, त्यात भारत का नाही, हे त्यानं फोनवर शोधून मला विचारलं. आपला मिथेन बराचसा गुराढोरांमधून आणि भातखाचरांमधून येतो, तो लहान शेतकऱ्याच्या पोटाशी बांधलेला आहे, असं भारताचं म्हणणं. ते मला खोटं वाटत नाही. पण कचऱ्याचा मिथेन कुणाच्याच पोटाशी बांधलेला नाही. दिल्लीच्या गाझीपूरचा डोंगर वारंवार पेटतो, त्यात कुठल्या शेतकऱ्याचं भलं आहे? शहरांनी आधी स्वतःचं आवरावं, शेतकऱ्याकडे नंतर बघावं.

"आणि कोळसा?" तो.

"कोळसा बंद करायला तुझ्यासारखे इंजिनिअर लागतील, सरकार लागेल, वीस-तीस वर्षं लागतील. साली वेगळ्या करायला उद्या सकाळ लागेल. दोन्ही करायचं. एकामुळे दुसरं माफ होत नाही."

आई साड्यांच्या दुकानातून हाक मारत होती, तेव्हा बोलणं तिथंच राहिलं. पिवळसर रंगाची, निळ्या काठांची घेतली शेवटी. दुकानदारानं प्लॅस्टिकची पिशवी पुढं केली आणि आईनं झटक्यात आपली कापडी काढली. मशीनला हजम होत नाही, असं त्याला हिंदीत सांगितलंही. बिचाऱ्याला काहीच कळलं नाही.

भाचा बडोद्याला परतून आता महिना झाला. परवा त्याचा मेसेज आला. त्यांच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस घरं आहेत. मीटिंगमध्ये त्यानं ओल्या कचऱ्याचा विषय घेतला. बारा घरं तयार आहेत. बाकीचे म्हणतात, वेगळा केलेला कचरा गाडीवाला पुढं एकत्रच करत असेल तर काय उपयोग, आधी ते शोधून ये. म्हणून रविवारी सकाळी तो स्कूटरवरून कचऱ्याच्या गाडीमागं जाणार आहे. त्याच्या आईचा मला फोन आला होता, हे काय शिकवून पाठवलंस म्हणून.